कुरणात पुरलेला बनियन

मामांना सगळे टापटीप मामा म्हणत आणि मामांना त्यात चेष्टा आहे असं कधीच वाटलं नाही. त्यांच्या मते ती पदवी होती. उभं आयुष्य त्यांनी एका मोठ्या रुग्णालयात सफाई खात्यात काढलं, पुढे त्या खात्याचे मुकादम झाले, आणि तिथली फरशी अशी ठेवली की तिच्यात बघून माणसाने भांग पाडावा. भले भले सर्जन ओल्या फरशीवर पाय टाकण्याआधी आपली परवानगी मागत, असं मामा सांगत. एका सर्जनाने एकदा विचारलं होतं, एवढं खरं.

घरीही तेच. धूळ पुसायचं फडकं ते इस्त्री करून ठेवत. त्यांचे बनियन हा तर वेगळाच विषय होता. एकूणएक पांढरेशुभ्र, दोरीवर वाळत घालताना दोन बनियनांमध्ये सारखं अंतर, आणि प्रत्येकाला दोन चिमटे. तिसरा चिमटा म्हणजे उधळपट्टी आणि एकच चिमटा म्हणजे बेशिस्त.

गंमत अशी की हा माणूस गोठ्यात वाढला होता. आई-वडील लवकर गेले आणि मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईने, गाईंच्या दुधावर त्याला लहानाचा मोठा केला. शाळेत पोरं नाक धरून 'शेण आलं, शेण आलं' म्हणायची. बहुधा त्यामुळेच पुढे फिनेलचा पहिला वास नाकात गेला आणि मामा त्या वासाच्या प्रेमातच पडले. लग्न काही त्यांनी केलं नाही. एखादी बाई घरात आली असती तर तिने उशा कुठे ठेवल्या असत्या कोण जाणे.

निवृत्त झाल्यावर ते शहरातल्या एका खोलीत राहू लागले. खोली इतकी स्वच्छ होती की तिथे करायला काही उरलंच नव्हतं. सकाळी नऊ वाजेपर्यंत सगळं चकाचक होई आणि मग मामा खुर्चीत बसून फरशीवर धूळ पडायची वाट बघत. एकटेपणा हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही, पण पोस्टमनला ते दारात धरून ठेवत, यावरून काय ते समजावं.

अशात ताई पडली. गोठ्यात वरची बादली काढायला स्टुलावर चढली, स्टूल एकीकडे गेलं, ताई दुसरीकडे, आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घालावी लागली. आधी बिछाना, मग वॉकर, मग काठी असा लांबचा रस्ता डॉक्टरांनी सांगितला. मामा त्याच दिवशी पिशवी भरून आले. पिशवीत कपडे कमी आणि फिनेलचे कॅन जास्त.

ताईचं घर उतारावर होतं. घरामागे गोठा, आणि गोठ्यामागे टेकाडापलीकडे कुरण. ताईच्या खिडकीतून गोठा दिसायचा, कुरण नाही. तिने मामांना पलंगाशी बसवलं.

"हे बघ," ती म्हणाली, "शेजारी कधीचे कुरण मागतायत. नांगरून मका लावायचा म्हणतात. माणूस वाईट नाही, पण एकदा नांगर फिरला की माझं गवत गेलं. आता मी ही अशी पडलेली. मी काठी घेऊन तिथवर चालत जाईन तेव्हा कुरण धड असेल, तर गाई राहतील. नसेल, तर मी हट्ट करणार नाही. गाई देऊन टाकीन."

"धड राहील," मामा म्हणाले.

"आणि राहिलं, तर वरची खोली तुझी. परत जायचं नाव काढायचं नाही. मला या वयात स्टुलावर चढायला कुणीतरी हवंच आहे."

मामांनी मान वळवून खिडकीची काच पुसली. काच स्वच्छच होती. त्यांना त्या खोलीत राहायचं होतं, फार राहायचं होतं. शिवाय ताईने जन्मात पहिल्यांदाच त्यांच्याकडे काही मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कुरणावर गेले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. चार गाई चरत होत्या आणि जिकडे पाहावं तिकडे शेणाचे पो. काही ताजे, काही वाळलेले, काहींवर किडे. त्यांच्याभोवती गवताचे उंच हिरवे झुबके, बाकीकडे आखूड गवत. म्हणजे उंचीतसुद्धा एकवाक्यता नाही. इतकी वर्षं ताईने हे चालू कसं दिलं, याचं मामांना नवल वाटलं. एकटी बाई, कुठे कुठे बघणार, असं म्हणून त्यांनी तिला मनातल्या मनात माफ केलं आणि बाह्या सरसावल्या.

मामा कामाला लागले म्हणजे लागले. रोज सकाळ-संध्याकाळ घमेलं आणि फावडं घेऊन ते कुरण पिंजून काढत. एक पो राहू देत नसत. शेण उचललं की त्या जागी फिनेलचं पाणी, अगदी वॉर्डात वापरत त्या प्रमाणात. मग कात्री घेऊन ते उंच झुबके बाकीच्या गवताच्या पातळीत आणायचे. शेणाचा ढीग रस्त्याकडेला जमे आणि पुढच्या वळणावरची रोपवाटिकावाली बाई हातगाडी आणून तो घेऊन जाई. तिचा आनंद गगनात मावेना. असा देवमाणूस मी पाहिला नाही, असं ती म्हणायची, आणि मामांना ते पटायचं.

फक्त एका कोपऱ्यात त्यांची डाळ शिजली नाही. पाण्याच्या टाकीपलीकडे, झाडाखाली, एका म्हाताऱ्या गाईचा मुक्काम असे. तिचं नाव सासूबाई. ते ताईने ठेवलेलं, आणि उगीच ठेवलेलं नव्हतं. मामा घमेलं घेऊन जवळ गेले की सासूबाई मान खाली घालत, शिंगं पुढे करत आणि नाकातून एक दीर्घ श्वास सोडत. मामा घमेलं तिथेच टाकून माघारी फिरत. त्यामुळे तो कोपरा होता तसा घाणेरडा राहिला आणि मामांना रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याची टोचणी लागे.

महिना उलटला. कुरण आता दृष्ट लागण्यासारखं दिसत होतं, निदान मामांना. पण गाईंना काय झालं कळेना. त्या फाटकातून आत जायच्या, गवत हुंगायच्या आणि तोंड वर करून उभ्या राहायच्या. दूध आटलं. मामांनी वाळका चारा घालून वेळ मारून नेली. पण पाणी देऊनही गवत पिवळं पडायला लागलं, आणि जिथे जिथे फिनेल पडलं होतं तिथे तिथे टक्कल पडल्यासारखे गोल उमटले, तेव्हा मात्र मामा हबकले. शेजारी ट्रॅक्टरवरून जाता जाता कुंपणापाशी थांबले.

"जमीन थकली असेल हो," ते खरोखर काळजीने म्हणाले. "एकदा नांगरून टाकू, मोकळी होईल."

"बघू," मामा म्हणाले. घरी येऊन त्यांनी तीनदा हात धुतले.

त्यातून ताई रोज विचारायची. "कुरण कसं आहे?"

"मस्त."

"मूठभर आण बघू. हुंगू दे. इथे औषधांच्या वासाने जीव विटला."

आता आली का पंचाईत. पिवळं गवत न्यावं तर पितळ उघडं पडणार. हिरवंगार गवत उरलं होतं ते एकाच जागी, सासूबाईंच्या कोपऱ्यात. मग मामा रोज सकाळी, जीव मुठीत धरून, टाकीच्या आडून रांगत जात. सासूबाईंचं तोंड पलीकडे वळलं की मूठभर गवत उपटत आणि तिथून जे धावत सुटत, ते फाटकापाशी थांबत. एकदा सदरा फाटला. एकदा चप्पल तिथेच राहिली, ती सासूबाईंनी चावून सपाट केली. पण गवत ताईच्या हातात पोचायचंच. ती ते नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि "वा," एवढंच म्हणायची. मामांना ते "वा" खिळ्यासारखं लागायचं.

शेवटी भाची आली. ही ताईची मुलगी. शहरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. सुट्टी काढून आईला भेटायला आली आणि चहा पिऊन कुरणावर चक्कर मारायला गेली. परत आली ती थेट मामा मुक्कामाला होते त्या खोलीत. तिने दार लावून घेतलं.

"मामा, कुरणाला दवाखान्याचा वास का येतोय?"

मामांनी सगळं सांगितलं. प्रमाणासकट. भाचीने आधी डोळे विस्फारले, मग तोंडावर ओढणी धरली, आणि मग पलंगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मामा दुखावून म्हणाले. "एक पो राहू दिला नाही मी."

"तेच तर." तिने डोळे पुसले. "अरे, गाय दिवसभर खाते त्यातलं थोडं दुधात जातं, थोडं तिच्या अंगी लागतं. उरलेलं सगळं ती शेण-मुतातून मातीला परत देते. ते शेण शेणकिडे खाली ओढून नेतात, गांडुळं गिळतात, आणखी बारीक जीव कुजवतात, मग मुळांना मिळतं, मग त्याचं गवत होतं. ती सगळी मंडळी पंगतीला बसलेली होती मामा. तू त्यांच्यापुढची ताटं उचलून नेलीस आणि वर फिनेलने पुसून काढलंस. गाई शहाण्या म्हणून त्यांनी ते गवत खाल्लं नाही."

"मला काय माहीत खाली कुणी जेवतंय ते."

"दिसत नाहीत ना. म्हणून एक करू या. तुझे दोन जुने बनियन दे."

"माझ्याकडे जुने नाहीत."

"मग नवे दे. सुती आहेत ना? मातीत जीव असेल तर ती सुती कापड खाऊन टाकते. नसेल तर कापड तसंच राहतं. आम्ही शेतकऱ्यांना हेच करून दाखवतो."

आपला पांढराशुभ्र बनियन स्वतःच्या हाताने मातीत पुरायचा, हे मामांच्या गळी उतरायला एक अख्खी दुपार गेली. अखेर त्यांनी दोन बनियन निवडले, आणि जित्याची खोड, पुरण्याआधी त्यांची व्यवस्थित घडी घातली. "घडी नको," भाची म्हणाली. मामांनी घडी मोडली, पण चेहरा असा केला की जणू घरातलं कुणी गाडायला निघालेत. एक बनियन कुरणाच्या मधोमध गेला. दुसरा सासूबाईंच्या कोपऱ्यात, भाचीने सासूबाईंपुढे पेंडीची पाटी धरली तेवढ्या वेळात. दोन्हीकडे खूण म्हणून काठी रोवली. मामांची काठी अगदी ओळंब्यात, सरळ उभी होती.

"आणि आजपासून फिनेल बंद, शेण उचलणं बंद," भाची जाताना म्हणाली. "अति तिथे माती म्हणतात. तू अति केलंस आणि मातीच घालवलीस."

पुढचे दिवस मामांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. कुरणात डोळ्यांदेखत पो पडत होते आणि हात खिशात ठेवायचे होते. हाताला चाळा म्हणून त्यांनी गोठ्यातल्या खुंट्यांना नंबर घातले.

भाची पुन्हा आली तेव्हा ताई वॉकरवर आली होती. दोघांनी मधला बनियन उकरला. तो जसाच्या तसा निघाला. मामांनी झटकला, उजेडात धरला, आणि क्षणभर त्यांचा चेहरा खुलला.

"एक डाग नाही बघ," ते म्हणाले आणि त्यांनी बनियन खाली घेतला. हातातला स्वच्छ बनियन म्हणजे काय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मग कोपरा. पेंडीची पाटी पुन्हा पुढे गेली. काठीखाली भाचीने माती भुसभुशीत बाजूला केली, दोन जाड गांडुळं अंग आवरत आत पळाली आणि हाताला लागला तो नुसता दोरा. नायलॉनच्या शिवणीचा दोरा, गळ्याच्या आणि बाह्यांच्या आकारात. कापड नावाला नव्हतं. मातीला मात्र असा वास येत होता की मामांना एकदम लहानपण आठवलं, ताईच्या पदराचा वास, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तो वास धुऊन टाकावासा वाटला नाही.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता भरपूर पाणी सोडून फिनेल धुऊन काढायचं. मग खालच्या मंडळींना परत बोलवायचं, आणि त्यांना जेवायला घालायचं."

जेवण होतं रोपवाटिकेत. मामा तिथे गेले आणि बराच वेळ गुलाबांबद्दल बोलत राहिले. रोपवाटिकावाली बाई हुशार होती.

"ताकाला येऊन भांडं का लपवताय?" ती म्हणाली. "काय हवंय ते सांगा."

"शेण परत हवंय."

तिने कमरेवर हात ठेवले. "दिलेलं शेण परत मागणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

मामांनी खरं काय ते सांगून टाकलं. एकदा तोंड उघडल्यावर ते सोपं गेलं, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बाई पोटभर हसली. शेण आता कुजून छान काळं खत झालं होतं, त्यातलं पुष्कळसं तिने द्यायचं कबूल केलं. बदल्यात मामांनी तिची शेड आवरून द्यायची. मामांना हे म्हणजे आंधळा मागतो एक डोळा झालं. त्यांनी तिच्या कुंड्या आकाराप्रमाणे लावल्या, झाऱ्या एका रांगेत टांगल्या, आणि ते गेल्यावर बाईला तिची स्वतःची कात्री सापडेना.

शेणकिडे मिळाले शेजाऱ्यांकडे, त्यांच्या बैलांच्या चरायच्या तुकड्यावर. मामा ताज्या शेणाची पाटी किड्यांसकट मागायला गेले तेव्हा शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही. पाटी उचलू लागले.

"मका राहिला म्हणायचं माझा," ते जाताना हसून म्हणाले.

खत पसरताना मामांनी कुणाला मदत करू दिली नाही. दोरी बांधून, खुंट्या ठोकून, त्यांनी कुरणभर काटकोनी तुकडे आखले आणि प्रत्येकात सारखं खत टाकलं. दोन तुकड्यांमध्ये चालायला वाट. मधोमध तिसरा बनियन पुरला, यावेळी घडी न घालता. भाचीने फोनवर सांगितलं होतं की सगळीकडे सारखं पसर. मामांच्या मते ते सारखंच होतं.

गवत आलं. आधी लव, मग तुरे, मग हिरवागार गालिचा. पण आलं ते तुकड्यांतच. वाटा अजून फिकट होत्या. टेकाडावरून बघितलं की कुरणात काटकोनी हिरवे पलंग दोन रांगांत मांडलेले दिसत. गाई आता खाली मान घालून चरत होत्या आणि वाट्टेल तिथे शेण टाकून मामांची आखणी हळूहळू मोडत होत्या.

आणि एके दिवशी सकाळी ताई काठी घेऊन दारात उभी राहिली. "चल," ती म्हणाली.

तिला टेकाड चढायला वेळ लागला. मामा शेजारून चालत होते. कुरण हिरवं होतं. गप्प बसलं तर निभावून जाण्याइतकं हिरवं होतं. वरची खोली एका गप्प बसण्याच्या अंतरावर होती. टेकाडावर पोचल्यावर ताई थांबली, श्वास घेतला आणि बघत राहिली.

"ताई," मामा म्हणाले, "मी फिनेल टाकलं होतं. सगळ्या कुरणावर. शेण उचलून देऊन टाकलं. गवत मेलं होतं. तुला आणून देत होतो ते कोपऱ्यातलं होतं. मी खोटं बोललो. खोलीसाठी बोललो."

ताईने मान वळवली नाही. "दोन रांगा," ती म्हणाली. "मध्ये वाट. मला आता इथे ॲडमिट करतोस की काय?"

ताईचे खांदे हलत होते. ती हसत होती, काठीवर वाकून, मांडीवर हात दाबून हसत होती.

"आणि कोपऱ्यातलं गवत होतं ते मला पहिल्या दिवशीच कळलं," ती म्हणाली. "त्यात तिपानी होती, ते तीन पानांचं रोप. तिपानी फक्त सासूबाईंच्या झाडाखाली येते. माझं गवत मला ओळखता येत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"खिडकीतून गोठा दिसतो ना मला. तू रोज सकाळी धापा टाकत येताना दिसायचास. एकदा सदरा फाटलेला, एकदा एकाच पायात चप्पल. तुझ्यासारखा माणूस, एकाच चपलेवर." ताईने डोळे पुसले. ते हसण्याचं पाणी होतं की कशाचं, मामांनी विचारलं नाही. "जो माणूस माझ्या मूठभर गवतासाठी रोज त्या शिंगांपुढे जातो, त्याला खोली द्यायची की नाही याचा विचार मी कशाला करू? शेजाऱ्यांना मी तेव्हाच नाही म्हणून कळवलं होतं."

मामा खाली बसले. ओल्या गवतात, धुतलेल्या पँटीनिशी, कुठे बसतोय ते न बघता बसले. बसले ते नेमके कडेच्या एका पोवर, आणि ताईने ते पाहिलं, पण सांगितलं नाही.

मग तिच्यासमोर त्यांनी तिसरा बनियन उकरला. नुसता दोरा निघाला. मामांनी तो दोन बोटांत अलगद धरून घरी आणला, नळाखाली धुतला, आणि दोरीवर बाकीच्या बनियनांच्या रांगेत, सारखं अंतर सोडून, दोन चिमटे लावून वाळत घातला.